पंपाला लावलेला फोन

चैत्र लागला आणि वेणूबाईच्या विहिरीचं पाणी फिरलं. माणसांच्या आधी ते डाळीला कळलं. सकाळपासून चुलीवर ठेवलेली तूरडाळ दुपारी हाताला लागली तर खड्यासारखी.

"वान्यानं जुनी डाल दिली वाटतं," सून कल्पिता म्हणाली.

वेणूबाई उठून विहिरीवर गेली. पोहऱ्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, दोन्ही गालांत फिरवलं आणि शेजारच्या चिऱ्याच्या भिंतीकडं तोंड करून थुंकली.

"वान्याला कशाला बोलतंस? डाल नवीच हाय. पानी मचूल झालंय, खारट."

नागावच्या पुढं रस्त्यापासून सुरूच्या बनापर्यंत लांबट पट्ट्यांसारख्या वाड्या आहेत. वर नारळ, खाली पोफळी, मध्ये विहीर. वाळूच्या पोटात वर गोडं पाणी आणि त्याखाली खारं, दुधावर साय असावी तसं. ही वाडी पूर्वी एकच होती. वेणूबाईच्या नवऱ्यानं, धर्माजीनं, आणि त्याच्या धाकट्या भावानं वाटणी केली, मध्ये भिंत घातली. भिंत जमिनीवर घालता येते. खालचा झरा काही वाटणीला हजर नव्हता. आता दोघेही भाऊ गेले. उरल्या दोघी जावा: इकडं थोरली वेणूबाई, तिकडं धाकटी मैना. मैनेच्या मुलानं, अल्पेशनं, निम्म्या पोफळी तोडून खोल्या बांधल्या, निळ्या फरशीचा पोहायचा टँक केला, आणि जुना पंप काढून विहिरीत पार तळाशी जाणारा सबमर्सिबल सोडला. शनिवारी मुंबईची माणसं येत, त्या टँकमध्ये कमरेइतक्या पाण्यात बिअरचे कॅन घेऊन उभी राहत आणि समुद्र इथून किती जवळ आहे ते एकमेकांना सांगत.

वेणूबाईला अक्षर येत नव्हतं. पण कुणी कुठल्या बारशाचं बोलावणं मागाहून धाडलं, कुणी हळदीला तिच्या पानात नुसता रस्सा वाढला, हे सगळं तिच्या खाती जमा असे, आणि ते ती व्याजासकट परत करी. उधारी ठेवून मरायचं नाही, असा तिचा बाणा. गावात तिला भिणारे पुष्कळ होते, आणि तेही आपण तिच्या खात्यात कुठल्या पानावर आहोत हे ठाऊक असल्यामुळं.

त्या दिवसापासून कल्पिता गुणाजीच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. गुणाजी धर्माजीचा दोस्त. त्याची वाडी रस्त्याकडच्या अंगाला, विहीर उथळ, पंप नाही. दोर, कप्पी आणि म्हाताऱ्याचे दोन हात. पाणी मात्र शहाळ्यासारखं. कल्पिता डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन वाळूतून चाले. वाळूत पाऊल रुततं, त्याचा हिसका मानेला बसतो. पंधरवड्यात तिची मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर ती आख्खी वळे.

"कल्पिता वहिनी, मानेला काय झालं?" अल्पेश भिंतीवरून विचारी. हातात नळी, नळीनं तो खोल्यांपुढची फरशी धूत असे.

"काय न्हाय, भावोजी. वजन जरा चांगलं उचलतंय."

हे एवढ्यावर राहिलं असतं. वेणूबाईनं ते खारेपणाच्या सदरात मांडून ठेवलं असतं आणि पाऊस पडला की खोडलं असतं. पण पेणकडची माणसं अमिषाला बघायला आली.

अमिषा वेणूबाईची धाकटी लेक. नवरामुलगा दुबईच्या बोटीवर कामाला. सांगून येणार होती त्याच्या दुप्पट माणसं गाडीतून उतरली. गुणाजीच्या विहिरीचं पाणी सरबतातच संपलं. आत गडबड, आणि गडबडीत अमिषानं चहाचं आधण घरच्या विहिरीच्या पाण्याचं ठेवलं. दूध घातलं तसा चहा फाटला. गाळून, साखर वाढवून तिनं तो तसाच बाहेर नेला. मुलाच्या आत्यानं एक घोट घेतला. तो घोट गिळावा की नाही याचा तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ विचार चालला. मग कप खाली.

भिंतीपलीकडं मैना वाळवण घालत होती. तिचे कान बघायच्या कार्यक्रमाला रीतसर हजर होते.

"बाय गो," ती अमिषाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पावन्यांना खारा चाय काय पाजतंस? थांब, आमच्या फिल्टरचं धाडते."

तिनं आपल्या मुलीला, हेतलला, पाण्याचा जग घेऊन धाडलं. हेतल नवा ड्रेस घालूनच आली. वाळवणाच्या दिवशी नवा ड्रेस का, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत्या तोंड खळखळायला म्हणून हेतलबरोबर पलीकडं गेली. तिकडं तिनं खोल्या बघितल्या, टँक बघितला, थंडगार एसीत बसली. तोंड खळखळायला एवढा वेळ लागतो हे वेणूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्यानं निरोप आला. स्थळ ठरलं होतं, हेतलशी.

"बरी सुटले," अमिषा म्हणाली. "त्याला पुढनं केस कुठं व्हते?"

वेणूबाई ओट्यावर बसून सुपाऱ्या कातरत राहिली. अडकित्ता असा चालला होता, की विनेश, तिचा मुलगा, टेम्पो लावून आत आला आणि आईकडं न बघताच पाठच्या दारानं गेला.

तिनं गावकीची बैठक मागितली.

देवळाच्या मंडपात माणसं जमली. वेणूबाई खांबाला टेकून उभी राहिली. "पंप बंद करायला सांगा. आमच्या सगल्यांच्या विहिरी खाऱ्या करनार हाय हा."

अल्पेश हसला. हसणं त्यानं गिऱ्हाइकांसाठी तयार केलं होतं, तेच इथं वापरलं. "काकी, पंप तर तुमच्याकडं पन हाय. वाडीत पयला पंप कोनी आनला? काकानं. आनि कोनी आनवला? तुम्ही. आय सांगते ना, रेड्याच्या मागं रहाटाला फिरून काकीचे पाय सुजायचे. पंप आला म्हनून सुटलात. आता पंप वाईट?"

मंडपात हशा पिकला. खरं होतं ते. वेणूबाईनं धर्माजीशी महिनाभर अबोला धरून रहाट काढवला होता.

"रहाटाला गाडगी असतात," ती म्हणाली. "वरचं वरचं पानी घ्यायचा तो. माज्या पंपाचं तोंड पन वरच हाय. तुजा तलाला तोंड लावून ओढतो, दिवसरात. मानूस जेवतो आनि मानूस चरतो, यात फरक हाय का न्हाय?"

"मग मोबाइल पन बंद करू, गाड्या पन बंद करू. विनेशदादाचा टेम्पो पन. नारल डोक्यावर घेऊन वाशीला जाऊदे."

"पंप आल्यापासनं पोरींना शालेत जाता आलं," एक मास्तर म्हणाले.

"आनि पंप आल्यापासनं पोरं टँकमध्ये मुततात," गुणाजी मागून म्हणाला. "वेनू बरोबर बोलते. वालूतलं पानी हाय, ते हलूच घ्यायचं असतं."

बराच वेळ असं चाललं. फ्रीज आला, मिक्सर आला, पाटा गेला, पाट्याबरोबर बायकांच्या कमरा सुधारल्या की बिघडल्या यावर दोन तट पडले. शेवटी सरपंचानं घसा साफ करून निकाल दिला, की यंत्र चांगलं नसतं, वाईट नसतं, वापरणारा माणूस चांगला-वाईट असतो. हे सगळ्यांनाच पटलं, कारण त्यात कुणालाच काही करायला लागत नव्हतं. अल्पेशनं सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजलं. वेणूबाईनं घेतलं नाही. घरी येताना मैना मागून म्हणाली, "जाऊबाय, सुजलेलं पाय विसरलात वाटतं."

साखरपुडा वैशाख पौर्णिमेनंतर, अल्पेशच्याच अंगणात ठरला. त्याआधी मैनेचं सगळं घर हरिहरेश्वरला देवाला आवतणाचं पान ठेवायला निघालं. आगरदांड्याहून फेरीनं दिघीला आणि तिथून पुढं. तिकडं बहिणीकडं मुक्काम. कार्यासाठी खोल्या रिकाम्या ठेवल्या होत्या, कामाच्या पोरांनाही सुट्टी. आणि निघायच्या सकाळी अल्पेशनं अशी एक गोष्ट केली, जी फक्त स्वतःच्या हुशारीवर फार दिवस जगलेला माणूस करतो.

कल्पिता डोक्यावर हंडे घेऊन येत होती. तिला त्यानं वाटेतच उभं केलं.

"वहिनी, एक काम. आम्ही न्हाय तर पोफलींना पानी कोन सोडनार? मी पंपाला मोबाइलची पेटी बसवलीय. तिच्यात सिम हाय. तुमचा नंबर पेटीत टाकून ठेवलाय. तुम्ही घरीच असता. एक फोन लावायचा, मोटर चालू. परत लावायचा, बंद. पाइपचा वाल पोफलींकडंच फिरवून ठेवलाय. भिंत पन ओलांडायला नको."

हंडे डोक्यावरच होते. मान वळत नव्हती. ती त्याच्या सदऱ्याच्या बटनाशी बोलली. "बरं, भावोजी."

"बघा, पंप वाईट म्हनतात लोकं," तो हसला, आणि गाडीत बसला.

विनेशला हे कळलं तेव्हा तो वाशीला जायला टेम्पोत नारळ भरत होता. "भावकी हाय," तो आईला म्हणाला. "सांगितलंय तेवढं पानी सोडा आनि बंद करा. उगा काय करू नका." आई काय करू शकते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो दोनदा म्हणाला. मग गेला.

वेणूबाई ओट्यावर सरकून सुनेजवळ बसली. आजवर ज्याला ती 'हातातला डबा' म्हणत असे, त्या मोबाइलकडं तिनं नव्यानं बघितलं.

"लाव."

कल्पितानं फोन लावला. एक रिंग गेली आणि पलीकडून एक बाई अगदी आदरानं बोलली, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे."

"कोन ही?" वेणूबाई.

"कोन न्हाय. पेटीत भरलेला आवाज हाय."

"मैनेपरीस गोड बोलते."

भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी जायला एक भोक होतं. थोड्या वेळानं त्यातून अल्पेशच्या वाडीतलं पाणी वाहताना दिसू लागलं. पोफळींची आळी भरली, पाट भरला, पाणी पुढं सुरूच्या बनाकडं सरकलं. वेणूबाईनं भोकाशी बसून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. गोड. लग्न होऊन आली तेव्हा या वाडीचं पाणी असं होतं.

"आय, झालं," कल्पिता म्हणाली. "पोफलींची आली भरली. बंद करू?"

"नको."

"पानी समुद्रात चाललंय."

"जाऊदे. पौर्निमा तोंडावर आलीय, उधान लागलंय. तिकडनं दर्या रेटतोय, इकडनं आपुन ओढायचं."

कल्पिता हळूच म्हणाली, "सभेत तुम्ही बोल्लात, पंप वाईट."

"वाईटच हाय. म्हनून तर लावलाय."

"आपल्या विहिरीला पन तोच झरा हाय."

"आपली गेलीच हाय. गेलेल्या मानसाला ताप चढला काय न् उतरला काय!"

कल्पितानं फोनवर अंगठा ठेवला. बंद करायचा, असंच तिच्या मनात होतं. रिकामा हंडा बाजूला करायला ती जरा वाकली आणि मानेत अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढं अंधारी आली. ती तशीच वाकून उभी राहिली. भिंतीपलीकडं, कुणीही पोहत नसलेला तो निळा टँक उन्हात चकचकत होता. तिनं फोन पदरात गुंडाळला आणि चोळीत खोचला.

पंप चालत राहिला. त्याला आवाज नाही, नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. ती आली तेव्हा कल्पिताला न सांगताच वेणूबाईनं मुलीकडून सुनेच्याच मोबाइलवरून फोन लावून घेतला. मध्ये एकदा 'विद्युतपुरवठा उपलब्ध नाही' असं ऐकायला आलं, तेव्हा ती अमिषाला म्हणाली, "बग कशी खरं सांगते. तुमी मानसं एवढं सांगत न्हाय."

दर प्रहराला ती भोकाशी बसे आणि बोट बुडवी. उकिडवं बसून गुडघे धरत, उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. दुसऱ्या दिवशी पाणी सपक लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जीभ आक्रसली. तिनं परत चाखलं. मग मुद्दाम ओंजळ भरून तोंडात घेतली, आणि ते गिळलं. नवसाचं तीर्थ घ्यावं तशी.

"आता बंद कर," ती म्हणाली.

"नमस्कार," पेटीतली बाई म्हणाली. "आपली मोटर बंद झाली आहे."

हरिहरेश्वरची मंडळी आली ती साखरपुड्याच्या आदल्या सांजेला; टाकीतल्या जुन्या पाण्यावर रात्र निघाली. पेणची माणसं सकाळी मुक्कामालाच उतरली. आत्या अंघोळीला गेली आणि साबण अंगाला फासून हाका मारू लागली. साबणाला फेसच धरेना, न्हायलेले केस काथ्यासारखे चिकटले. आचाऱ्यानं भाताच्या आधणाचा घोट घेतला आणि पातेलं उतरवून ठेवलं. अल्पेश विहिरीवर धावला, तिथून वाडीत. पोफळींच्या आळ्यांमधली वाळू अजून ओली होती, आणि कडेनं पांढरी.

तो सरळ वेणूबाईच्या अंगणात आला. "वहिनी! मोटर बंद केली नव्हतीत?"

कल्पिता तांदूळ निवडत होती. "भावोजी, तुम्ही बोल्लात पानी सोडा. सोडलं."

"तीन दिवस?"

"तुमच्या पंपाला कलत न्हाय काय, कवा थांबायचं? एवढा हुशार तो."

अल्पेशनं वेणूबाईकडं बघितलं. तिनं सुपारी तोंडात टाकली, चघळली.

"पंप चांगला का वाईट," ती म्हणाली, "आता तूच सांग एकदा. मंडपात मानसं जमलीच हायत."

त्याचा हात उचलला गेला होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी भिंतीवरून डोकावलं, तसा त्यानं तो हात केसांतून फिरवला आणि वळला. भिंतीपलीकडं मैनेचा आवाज चढला, मग तोंडावर पदर धरल्यासारखा बुजला. वेणूबाई कान लावून बसली. मैना सासरी आल्यापासून तिला रडताना वेणूबाईनं ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. त्यात थोडा वेळ गेला, आणि तो वेळ तिला फार बरा गेला.

पण अल्पेशनं खिशातला फोन काढला. भात उशिरा लागला, एवढंच. सूर्य माथ्यावर यायच्या आत टँकर रस्त्यावर उभा राहिला, जाड पाइप अंगणातून आत गेला, आचाऱ्यानं पातेली परत चढवली. आत्या ओल्या केसांनी खुर्चीत बसून म्हणाली, "एका फोनवर पाण्याची गाडी! भारी आहे हो तुमचं." हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. वेणूबाईलाही ऐकू गेलं. हेतलला साखरपुड्याची साडी नेसवली, सुपारी फुटली, डीजे लागला. कर्णे जाणूनबुजून भिंतीकडं तोंड करून लावले होते.

विनेश वाशीहून आला तेव्हा त्यानं घरच्या विहिरीचं पाणी चाखलं, आपल्या पोफळींची पानं हातात धरून टोकं बघितली. भाजल्यासारखी तपकिरी पडू लागली होती. या पोफळी त्यानं हातानं लावलेल्या. मग घरात न येता टेम्पोत जाऊन झोपला.

दुसऱ्या सकाळी कल्पिता हंडे घेऊन गुणाजीकडं गेली.

म्हातारा उघडा, घामानं निथळत विहिरीवर उभा होता. बालदी ओढायची, दोन घोट तोंडात घ्यायचे, थुंकायचे, बालदी वाळूत ओतायची, परत सोडायची. विहिरीभोवती वाळूचा चिखल झाला होता. त्याची म्हैस दोणीत तोंड घाली, फुरफुरे, मान फिरवी.

"वरचं घान झालंय काय म्हनून उपसतोय," तो धापा टाकत म्हणाला. "खालनं चांगलं येईल. सकाली म्हशीनं पानी सोडलं. मी म्हटलं, हिला काय झालं? आनि चाखलं." त्यानं तोंड पुसलं. "माज्या बापाच्या वेलेपासनं या विहिरीला असं कवा झालं न्हाय. म्हातारी झाली बहुतेक माज्यासारखी. तुमच्याकडं कसं हाय गो? थोडं गोडं असंल तर म्हशीपुरतं दे."

कल्पिताला मान हलवता येत नव्हती, हे त्या वेळी तिच्या पथ्यावर पडलं. तिनं कप्पीकडं बघितलं आणि रिकामे हंडे घेऊन माघारी वळली.

"रिकामी?" वेणूबाईनं विचारलं.

"गुनाजीबाबाचं पन गेलं."

वेणूबाईच्या हातातला अडकित्ता उघडा राहिला. गुणाजी तिनं हिशेबात धरलाच नव्हता. पाणी तिकडं, रस्त्याच्या अंगाला, इतक्या लांब पोचेल असं तिला वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल, पण तीन दिवस बोट चाखताना तिनं तिकडं बघितलं नसेल. तिनं सुपारी कातरली.

पलीकडं टँकर परत आला होता. आता तो रोज येणार, असं ड्रायव्हर कुणाला तरी सांगत होता. मैना भिंतीशी आली. डोळे सुजलेले, पण केसांत कालचा गजरा.

"जाऊबाय," ती म्हणाली, "पाइप टाकू का इकडं? दोन हंडं भरून घ्या. पावन्यांचं उष्टं न्हाय, ताजं हाय."

वेणूबाईनं अडकित्ता मिटला.

तेवढ्यात रस्त्याकडून गुणाजी आला. एका हातात बालदी, दुसऱ्यात म्हशीचं दावं. वेणूबाईच्या फाटकाशी तो थांबला. त्यानं ओट्यावर बसलेल्या वेणूबाईकडं बघितलं, मग तिच्या वाडीतल्या पोफळींकडं, मग भिंतीखालच्या भोकाकडं, ज्यापुढं वाळूत तीन दिवस बसून पडलेला बसकटीचा खळगा होता. बराच वेळ बघितलं. म्हैस दावं ओढू लागली. मग तो पुढं गेला आणि मैनेच्या फाटकातून आत वळला. त्याच्या बालदीत पाइपचं पाणी पडल्याचा आवाज भिंतीच्या इकडं आला. म्हैस मोठमोठ्यानं पाणी ओढू लागली.

चुलीवर पेज रटरटत होती, घरच्याच विहिरीच्या पाण्याची. कल्पितानं मिठाची बरणी उघडली.

"घालू नको," वेणूबाई म्हणाली. "हाय तेवढं पुरं."

कल्पितानं वाडगा तिच्या पुढं ठेवला. वेणूबाईनं भिंतीकडं तोंड केलं, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि न थांबता सगळी पेज प्याली. ओठ पुसले नाहीत. वाडगा पुढं केला.

"अजून वाढ."